जीटीचा बॅज की २०२१ ची हायलाइन? सेकंडहँड पोलो घेणाऱ्या दुकानदाराला



खेळत्या भांडवलावरच्या व्हिडिओखाली पिंपळनेरच्या एका भावाने प्रश्न टाकला होता. त्याचं ठिबक आणि पीव्हीसी पाइपचं दुकान आहे, वय एकतीस. प्रश्न गाडीचा होता, पण मला तो धंद्याचाच वाटला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

त्याच्यासमोर दोन फोक्सवॅगन पोलो आहेत. एक २०१४ ची जीटी टीएसआय. लाल, ऑटोमॅटिक, रीडिंग ७८ हजार, सांगितलेली किंमत ४ लाख १० हजार. दुसरी २०२१ ची हायलाइन प्लस टीएसआय. पांढरी, मॅन्युअल, रीडिंग ४१ हजार, किंमत ६ लाख ९० हजार. भाऊ म्हणतो, "सर, जीटी घेतली तर टॉप मॉडेल मिळतं आणि वर पावणेतीन लाख दुकानात राहतात. मग विचार कसला?"

वरवर बघितलं तर हिशोब बरोबर आहे. म्हणूनच तो धोकादायक आहे.

आधी ही गाडी काय आहे ते थोडक्यात बघू. खऱ्या अर्थाची स्पोर्ट्स कार आपल्या बजेटमध्ये येत नाही. २०१६ मध्ये पोलोची जीटीआय आली होती, तीन दरवाजांची, १९२ पीएसची. तिची किंमत २५ लाख ९९ हजार होती, आणि पहिल्या खेपेत ९९ गाड्याच आल्या. ती सोडून द्या. आपल्याकडच्या पोरांची स्पोर्ट्स कार म्हणजे पुण्याजवळ चाकणला बनलेली साधी पोलो, जी २०१० ते २०२२ विकली गेली. बाहेरून बारा वर्षांत फार बदलली नाही. म्हणूनच लोक वर्ष बघत नाहीत, बॅज बघतात.

आतमध्ये मात्र दोन वेगळ्या गाड्या आहेत. २०१३ मध्ये आलेल्या जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचं चार सिलिंडर टर्बो इंजिन होतं, १०५ पीएस आणि १७५ एनएम. सोबत सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स, म्हणजे दोन कोरडे क्लच आणि ते हलवणारं मेकॅट्रॉनिक युनिट. चालवायला फार मजेशीर, गिअर कधी पडला कळतही नाही. मार्च २०२० च्या बीएस-६ बदलात हे सगळं गेलं. त्या जागी १.० लिटरचं तीन सिलिंडर टर्बो इंजिन आलं, ११० पीएस, टॉर्क तेवढाच १७५. ऑटोमॅटिकही बदललं, सहा गिअरचं साधं टॉर्क कन्व्हर्टर दिलं. आणि गंमत बघा, या नव्या पिढीत जीटीचा बॅज फक्त ऑटोमॅटिकला होता. पण तेच ११० पीएसचं इंजिन हायलाइन प्लसमध्ये सहा गिअर मॅन्युअलसोबत मिळत होतं. म्हणजे भावाला जी पांढरी गाडी "खालचं मॉडेल" वाटते, तिची ताकद लाल जीटीपेक्षा पाच पीएसने जास्त आहे. फक्त मागे दोन अक्षरं नाहीत.

जीटीच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. तिच्यात ईएसपी आणि हिल होल्ड होतं. कोंडाईबारी घाटात पावसात ट्रकच्या मागे अडकलात तर त्याची किंमत कळते. हायलाइन प्लस बघताना त्या गाडीत ईएसपी आहे का, हे बटण आणि मॅन्युअल बघून तपासा, विकणाऱ्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. आणि कोणी अजून स्वस्तातली २०११-१२ ची बेस पोलो दाखवत असेल तर सरळ नाही म्हणा. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली पोलो आदळवली, शून्य स्टार मिळाले. त्यानंतर कंपनीने सगळ्या पोलोंना दोन एअरबॅग दिल्या. बाकीच्या सुविधांवर तडजोड चालेल, या एकीवर नाही.

आता पैशाकडे येऊ.

सात गिअरच्या त्या डीएसजीमुळे कंपनीने २०१३ मध्ये जगभरातल्या १६ लाख गाड्या बोलावून गिअरबॉक्सचं तेल बदललं होतं. म्हणून प्रत्येक डीएसजी वाईट असं मी म्हणत नाही. अनेकांची एक लाखाच्या पुढे निवांत चालली आहे. पण अकरा-बारा वर्षांच्या गाडीत मेकॅट्रॉनिक किंवा क्लच पॅक गेलं तर खर्च सहज लाखाच्या घरात जातो. साक्रीतला चांगला मिस्त्री बोलेरो डोळे झाकून उघडेल, पण या गिअरबॉक्सला हात लावणार नाही. गाडी टोचनने धुळ्याला, नाहीतर नाशिकला. तिथे पार्टची वाट बघा.

म्हणजे दुकानात राहणारे ते पावणेतीन लाख खरंच दुकानाचे आहेत का? त्यातले दीड लाख गिअरबॉक्सच्या नावाने बाजूला काढून ठेवावे लागतील. त्यात चार टायर, सस्पेन्शनची रबरं, बॅटरी धरा. उरतं काय? आणि तुम्ही ते पैसे बाजूला ठेवणार नाही हे मला माहीत आहे, तुम्ही त्याचा पाइप भराल. मे महिन्यात बागायती कापसाच्या लागवडीला ठिबकची मागणी येते, निम्मा माल उधारीवर जातो, शेतकऱ्याचं अनुदान यायला वेळ लागतो. नेमका तेव्हाच गिअरबॉक्स बसला तर सप्लायरचा चेक थांबवणार की गाडी गॅरेजमध्ये सोडणार?

हे पुस्तकातलं सांगत नाही. मी स्वतः एकदा जुनी, फुल ऑप्शनची, सनरूफवाली सेदान घेतली होती. नव्या साध्या हॅचबॅकच्या किमतीत मिळाली म्हणून खूश होतो. आठ महिन्यांनी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला. गाडी पाच आठवडे उभी, आणि ते बिल मी ट्रेनिंग बॅचच्या ॲडव्हान्समधून भरलं. लोकांना कॅश फ्लो शिकवणारा माणूस! घरी अजून कोणी विसरलेलं नाही.

काही जण म्हणतील, गाडी दुकानाच्या नावावर घेऊ, टॅक्समध्ये वाचेल. थांबा. प्रवासी कारवरच्या जीएसटीचं क्रेडिट आपल्यासारख्या दुकानदाराला मिळत नाही. आणि तुम्ही ४४एडीखाली अंदाजित नफ्यावर रिटर्न भरत असाल तर घसारा वेगळा दाखवता येत नाही, तो त्या टक्क्यातच धरलेला असतो. आपल्याकडचे बहुतेक छोटे दुकानदार तिथेच बसतात. त्यामुळे ही गाडी हौस आहे असंच धरा. हौसेला माझी हरकत नाही, फक्त ती दुकानाच्या वहीत लपवू नका.

ज्यांचं महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर फिरणं आहे, सुरत-नाशिक चालू असतं, त्यांच्यासाठी जीटी टीडीआय हा पर्याय मला पेट्रोल जीटीपेक्षा आवडतो. डिझेल, सुरुवातीला १.६ लिटर, नंतर १.५. दोन्हींत २५० एनएम टॉर्क आणि साधा पाच गिअर मॅन्युअल. डीएसजीची भानगडच नाही. पण २०१५ किंवा त्याआधीची असेल तर सर्व्हिस हिस्टरीत एक गोष्ट शोधा. डिसेंबर २०१५ मध्ये धुराच्या चाचणीच्या प्रकरणात समूहाने भारतातल्या ३ लाख २३ हजार ७०० डिझेल गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या होत्या. ते काम झालं की नाही, विचारा. दिल्ली पासिंगची डिझेल जीटी फार स्वस्त दिसली तर भुलू नका. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलची अडचण आहे म्हणून ती इकडे येते.

आपल्याला दिल्लीपेक्षा सुरत जवळ. गुजरात पासिंगच्या गाड्या चांगल्या ठेवलेल्या असतात, हे मान्य. पण तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. इथे नवीन नंबर घ्यावा लागतो, महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो, तो किमतीत धरा. १८ पासिंगची असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. "एजंट करून देईल" म्हणून आरसी सहा महिने जुन्या मालकाच्या नावावर ठेवणारे आपल्यातच आहेत.

अजून एक. २०२२ मध्ये पोलो बंद होताना लेजंड एडिशनच्या ७०० गाड्या निघाल्या. इंजिन तेच १.०, ऑटोमॅटिक, वर पट्टे आणि 'लेजंड'चा बॅज. त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागत असेल तर ते स्टिकरचे आहेत. जपून ठेवणाऱ्याने द्यावेत.

तर भाऊ, माझं मत स्पष्ट आहे. या दोनमध्ये पांढरी घे. पण ६ लाख ९० हजारातला एक रुपयाही मेच्या मालाच्या पैशातून येणार असेल तर कोणतीच घेऊ नकोस, जुलैपर्यंत थांब. पोलो बंद झाली, आता मिळणार नाही, ही भीती विकणाऱ्याची आहे. पांढऱ्या हायलाइन बाजारात येतच राहतात, लाल रंगाचा हट्ट सोडला की भाव करायलाही जागा मिळते.

फोनवर हे सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "सर, एकदा जीटी चालवून तर बघू द्या." रविवारी सकाळी आम्ही धुळ्याला जातोय. स्कॅनर असलेला एक मिस्त्री सोबत घेतलाय. इंजिन थंड असताना आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, असं मालकाला आधीच सांगून ठेवलं आहे.