अंधांची इर्जिक आणि शासनाचा वाटा

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात एकमेकांच्या श्रमांवर उभे राहण्याची रीत सहकारी कायद्यापेक्षा पुष्कळ जुनी आहे. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो शेजाऱ्याशी सावड करी. ज्याचे रान नांगरायचे राहिले, त्याच्या बांधावर गावचे नांगर इर्जिकीला येत आणि त्या दिवसाचे जेवण एवढाच मोबदला असे. पुढे नीरेच्या डाव्या कालव्याने ऊस आणला; माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले आणि त्या रीतीला भागभांडवल, संचालक मंडळ, निवडणूक अशी आधुनिक वस्त्रे मिळाली. वस्त्रांखाली रीत किती उरली, हा वेगळा विषय. तिचे मूळ रूप आज पाहायचे असेल, तर अंध संगणक-वापरकर्त्यांच्या व्यवहाराकडे पाहावे लागेल.

अंध माणूस संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या, आधाराने. परंतु ही आज्ञावली तेवढेच सांगू शकते, जेवढे मूळ प्रोग्रामने तिला सांगितलेले असते. प्रोग्राम बनविणाऱ्याने बटणावर छपाईयंत्राचे चित्र काढले आणि त्याला नाव दिलेच नाही, तर अंधाच्या कानी केवळ ‘बटण’, ‘बटण’, ‘बटण’ एवढेच पडते. अशा वेळी कोणी जाणकार, बहुधा स्वतः अंध असलेला, एक छोटी स्क्रिप्ट लिहितो: या प्रोग्राममध्ये या जागेचे बटण म्हणजे ‘छापा’, ही चौकट म्हणजे ‘शिल्लक रक्कम’. चार रात्री बसून केलेले हे काम तो स्वतःपुरते ठेवू शकतो. तो ते वाटून टाकतो. नागपूरच्या कारकुनाचा अडलेला नांगर बारामतीच्या विद्यार्थ्याच्या बैलाने चालतो, आणि दोघांची कधी भेटही झालेली नसते.

या व्यवहाराला इतिहास आहे. अपघातात दृष्टी गमावलेल्या टेड हेंटर या अमेरिकन अभियंत्याच्या कंपनीने १९८९ साली ‘जॉज’ ही आज्ञावली आणली. तिच्या विंडोज आवृत्तीत वापरणाऱ्याने स्वतः स्क्रिप्ट लिहाव्यात अशी सोय होती. मात्र तिची किंमत भारतीय कुटुंबाला न पेलणारी. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’चे काम सुरू केले आणि जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. ती विनामूल्य आहे. त्याहून महत्त्वाचे, तिचा परवाना कोणालाही ती तपासण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची मुभा देतो. जगभरच्या वापरकर्त्यांनी तिच्यासाठी ॲड-ऑन लिहिले, आपापल्या भाषांत भाषांतरे केली. उत्पादनसाधनांची सामाजिक मालकी हा शब्दप्रयोग ज्यांना पुस्तकी वाटतो, त्यांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

मराठीपुरते बोलायचे, तर या श्रमांची गरज इंग्रजीहून अधिक आहे. ‘चार’मधील च आणि ‘चाक’मधील च लिपीत सारखाच, यंत्राला तो फरक शिकवायला मराठी कानच हवा. ‘ता.’, ‘जि.’, ‘ग्रा. पं.’, ‘७/१२’ ही आपल्या कागदांची नित्याची भाषा. तिचा उच्चार सांगणारा शब्दकोश एकाने करून दिला, तर तो शंभरांच्या उपयोगी पडतो. त्याहून मोठी अडचण जुन्या फॉन्टची. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरांची चिन्हे असतात. स्क्रीन रीडर तो वाचतो तेव्हा अर्थहीन बडबड ऐकू येते. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनेही अनेकदा वापरणाऱ्यांनीच तयार करून वाटली. आणि जो कागद स्कॅन करून नुसता चित्ररूपाने टाकला जातो, तेथे वाचायला अक्षरच नसते.

येथेच कौतुक थांबवून हिशेब मागावा लागतो. ही स्क्रिप्ट म्हणजे दुसऱ्याने केलेल्या चुकीची दुरुस्ती आहे. चूक करणाऱ्या कंपनीला प्रोग्रामचे पैसे मिळतात, कार्यालयाला काम झाल्याचे श्रेय मिळते, आणि दुरुस्ती मात्र अंध माणूस फुकट करतो. प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की स्क्रिप्ट निकामी होते. लिहिणारा नोकरीत गुंतला वा थकला की तिला वाली राहत नाही. परस्परसाहाय्याचे गोडवे गाऊन शासनाने आपली जबाबदारी त्याच्या माथी मारावी, हे मान्य होण्यासारखे नाही.

ती जबाबदारी कायद्याने स्पष्ट केलेली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. त्याच्या नियमांतील सुगम्यतेची मानके केवळ शिफारसवजा ठेवणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये कायद्याशी विसंगत ठरविली आणि बंधनकारक नियम करण्यास सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून खटल्यात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. निकाल दिल्लीत लागतात. तलाठी कार्यालयाच्या पडद्यापर्यंत ते कधी उतरतात, हा प्रश्न आहे.

नीरा कालव्याच्या शेपटाला असलेल्या इंदापूरच्या गावांची पाण्याची तक्रार जुनी आहे: वर पाणी मुबलक, खाली पोचेपर्यंत ओहोळ. ज्ञानाच्या कालव्याचेही तसेच. शहरातल्या, इंग्रजी जाणणाऱ्या, संगणक बाळगणाऱ्या अंधाला हे ॲड-ऑन मिळतात. ऊसतोडीच्या फडावर वाढलेल्या अंध मुलीच्या हाती फार तर एक स्वस्त फोन असतो, आणि संगणकासाठी लिहिलेल्या या स्क्रिप्ट त्या फोनवर चालत नाहीत. तिच्यापर्यंत पोहोचण्यास कोणा एकाचा उत्साह पुरणार नाही.

पैसा नाही, ही सबब चालणार नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चावी, असा नियम महाराष्ट्रात आहे. ती बहुतेक ठिकाणी वस्तुवाटपात जाते. फोटो निघतो आणि वर्ष संपते. बारामती व इंदापूर नगरपरिषदा आणि दोन्ही तालुक्यांतील ग्रामपंचायती यांनी या निधीतून संगणक जाणणाऱ्या अंध तरुणांना वेतन देऊन मराठी उच्चारकोश, फॉन्ट-परिवर्तन आणि स्थानिक कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामांच्या स्क्रिप्ट यांचे काम सोपवावे. केलेले काम सर्वांना खुले ठेवावे. सहकारी कारखान्यांनी वार्षिक अहवाल, ऊसनोंदीच्या याद्या आणि बिलाचे तपशील युनिकोडमध्ये, वाचता येईल असे द्यावेत. अंध सभासदाला आपल्या उसाचे वजन दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागू नये. कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत या ५ टक्क्यांचा मागील तीन वर्षांचा खर्च लेखी मागावा, आणि तो स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात नव्हे, मजकुराच्या रूपात मागावा.