मार हनुवटीला, मोड कानापाशी

पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. हुशार, अक्षर सुंदर, पण नज्म म्हणायला उभी केली की ओठातल्या ओठात पुटपुटायची. "तोंड उघडून म्हण की!" असे मी तिला दोन-तीनदा रागावलेसुद्धा. मग एके दिवशी डब्याच्या सुट्टीत पाहिले. चपातीचे बारीक तुकडे करून ती बोटाने एकेक आत सरकवत होती. तिचे तोंड जेमतेम एका बोटाएवढे उघडत होते. मला माझीच शरम वाटली.

तिच्या हनुवटीखाली टाक्यांची जुनी खूण होती. अम्मीला बोलावून विचारले. तीन वर्षांची असताना ओट्यावरून हनुवटीवर पडली होती. दवाखान्यात टाके घातले, आठवड्यात जखम भरली, सगळे विसरून गेले. पुढे ती हळूहळू जेवू लागली, तेव्हा घरच्यांना ते नखरे वाटले.

कानाच्या भोकापुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे हलते तो जबड्याचा सांधा. खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा असतो. त्याची दोन टोके दोन्ही कानांपुढे कवटीखाली बसलेली असतात आणि टोकाखालची मान बारीक असते. हनुवटीवर बसलेला मार हाडातून थेट तिथे पोहोचतो आणि ती मान मोडते. खालच्या जबड्याच्या अस्थिभंगांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश याच जागी होतात. यातही अल्लाहची हिकमत आहे. मान मोडते म्हणून ते टोक वर कवटीत घुसण्याचे बहुतेक वेळा टळते.

मार कुठे बसला त्यावर मोड कुठे ते ठरते. डाव्या बाजूला ठोसा बसला तर बरेचदा उजवा सांधा मोडतो. हनुवटीवर सरळ पडले तर दोन्ही सांधे, आणि कधी हनुवटीचे हाडही. परेडमध्ये तासन् तास उभा राहिलेला शिपाई चक्कर येऊन हात न टेकता तोंडावर पडतो, म्हणून या तिहेरी मोडीला डॉक्टर 'गार्ड्समन फ्रॅक्चर' म्हणतात. रमजानमध्ये तरावीहला उभे असताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर खाली बसा. बसून नमाज पढण्याची सवलत अशाच वेळेसाठी आहे.

कारणे घरोघरची आहेत. लहान मुले ओट्यावरून, जिन्यावरून, सायकलवरून पडतात. म्हातारी माणसे न्हाणीघरात घसरतात. तरुण पोरे मोटरसायकलवरून पडतात. इफ्तारची वेळ गाठायला तिघे एका गाडीवर, डोक्यावर टोपी आणि हेल्मेट आरशाला लटकवलेले, हे आपण रोज पाहतो. चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, कायद्याने हेल्मेट सक्तीचे आहे. हनुवटी झाकणारे, पट्टा बांधलेले हेल्मेट घ्या. आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावे, हीच आपली शिकवण आहे.

आणखी एक कारण आहे, ते आपण बोलत नाही. हाताची मूठ. एखादी बहीण "न्हाणीघरात पडले" म्हणते, तेव्हा दरवेळी ती पडलेलीच असते असे नाही. चेहऱ्यावर मारू नका, अशी हदीसमध्ये स्पष्ट ताकीद आहे. ती ठाऊक असूनही शेजारच्या भिंतीपलीकडचा आवाज आपण ऐकून न ऐकल्यासारखा करतो. अशा बहिणीला दवाखान्यात न्या आणि खरे कारण डॉक्टरांना सांगायला तिला धीर द्या.

हनुवटीला मार लागला की टाके घालून घरी परतू नका. आधी एवढे पाहा:

– कानापुढे दुखते का, सूज आहे का, कानातून रक्त येते का?
– तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकते का? बहुधा ज्या बाजूला सरकते, तोच सांधा मोडलेला असतो.
– दात पूर्वीसारखे जुळतात का? दोन्ही सांधे मोडले तर दाढा टेकतात, पण पुढचे दात उघडेच राहतात.
– स्वतःची तीन बोटे एकावर एक ठेवून पुढच्या दातांमध्ये मावतात का?

यातले एकही लक्षण दिसले तर तोंड व जबड्याच्या सर्जनला दाखवा. जबड्याचा पूर्ण एक्स-रे किंवा सीटी स्कॅन केला की मोड दिसते. मोठ्यांमध्ये दात तारेने बांधून ठेवतात किंवा पट्टी बसवतात. लहान मुलांना बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. थोडे दिवस मऊ खाणे आणि मग डॉक्टर सांगतील तसा तोंड उघडण्याचा व्यायाम पुरतो. मुलांचे हाड वाढते असते, ते स्वतःला बरेचसे सावरून घेते. मात्र दुखते म्हणून व्यायाम टाळला, किंवा मोड लक्षातच आली नाही, तर सांधा कवटीला चिकटून बसू शकतो. मग तोंड उघडत नाही, जबड्याची वाढ खुंटते आणि चेहरा वाकडा होतो.

आमच्या त्या मुलीचे पुढे ऑपरेशन झाले. त्यानंतर कित्येक महिने अम्मी तिच्याकडून रोज व्यायाम करून घेत होती. पोर रडायची, अम्मीही रडायची, पण व्यायाम चुकला नाही. आता तिच्या तोंडात दोन बोटे मावतात आणि नज्म शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येते. पडली त्याच आठवड्यात कोणी कानापुढे बोट ठेवून पाहिले असते, तर हे सारे कदाचित टळले असते.