श्रद्धा देव्हाऱ्यात, उपचार दवाखान्यात

पावसाळ्यात शेतात साप चावला की रुग्णाला आधी दवाखान्यात न्यायचे की मांत्रिकाकडे, हा प्रश्न आजही काही घरांत पडतो. विज्ञाननिष्ठा आणि ईश्वरश्रद्धा एकत्र नांदू शकतात का, हा वाद इथे केवळ तात्त्विक राहत नाही. उत्तर चुकले तर जीव जातो.

देव आहे की नाही, हे प्रयोगशाळेत तपासता येत नाही. मंत्राने विष उतरते, हा दावा मात्र तपासता येतो. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात; विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. असे रुग्ण मंत्राविनाही वाचतात, पण श्रेय मांत्रिकाला मिळते. दगावलेल्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषबाधेवर प्रतिसर्पविष हाच खात्रीचा उपाय आहे. त्याला उशीर झाला तर नाग-मण्यारच्या विषाने श्वास बंद पडू शकतो, घोणसच्या विषाने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

श्रद्धावान माणूस वैज्ञानिक असू शकतो. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. विश्व प्रसरण पावत असल्याचे त्यांनी १९२७ मध्ये गणिताने मांडले. मात्र आपल्या सिद्धांताला ईश्वरी निर्मितीचा पुरावा ठरवणे त्यांना मान्य नव्हते. प्रार्थना आणि समीकरण यांची त्यांनी गल्लत केली नाही.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही हीच रेषा आखली आहे. पूजा, यात्रा, कीर्तन, भजन यांना तो हात लावत नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे मात्र गुन्हा आहे. या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली.

एका बाबतीत प्रश्न विचारायचे सोडले की ती सवय सगळीकडे पसरते, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. म्हणूनच श्रद्धावानाने स्वतःला एक नियम घालून घ्यावा. श्रद्धेने धीर द्यावा, निदान करू नये. देवाचे नाव जरूर घ्या. पण आधी १०८ ला फोन लावा आणि वाटेत घ्या.