घरचीं यंत्रें : इटालियन मोटारसायकल आणि कर्जतचा पावसाळा

या सदरांत आजवर शिवणयंत्र, भिंतीवरचें घड्याळ आणि विहिरीवरचा पंप यांची विचारपूस झाली. या महिन्यांत ज्या वाहनाविषयीं लिहावयाचें आहे, त्याचें नांव काढतांच कांहीं वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. शर्यतीच्या घाटाची इटालियन मोटारसायकल ही गृहस्थाच्या घरांतील वस्तु आहे काय, असें वडीलधारी मंडळी विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु वस्तु घरांत येऊन चुकली आहे. आमच्या कर्जत-खालापूरकडे ज्या पडवींत पूर्वीं एक सायकल आणि फार तर एक स्कूटर टेकून उभी असे, तेथें आतां असें वाहन दिसूं लागलें आहे. आमच्याच घरीं धाकट्या पुतण्याची गाडी उभी असते. तेव्हां ती घ्यावी कीं न घ्यावी हा वाद सोडून, आलेल्या वस्तूची निगा कशी राखावी एवढेंच येथें पाहूं.

तसें पाहिलें तर इटलीचें यंत्र आपल्या घरांस अगदींच परकें नाहीं. पियाजिओ कंपनीनें १९४६ सालीं व्हेस्पा बाजारांत आणली. तिची रचना करणारा कोर्रादिनो द'अस्कानिओ हा मूळचा विमानविद्येंतला अभियंता. त्याला मोटारसायकल आवडत नसे, म्हणून त्यानें साखळी काढून टाकली, इंजिन झांकून घेतलें आणि कपड्यांना तेलाचा डाग लागणार नाहीं अशी बैठक केली. बजाज कंपनी १९७१ पर्यंत त्याच इटालियन परवान्यावर व्हेस्पा बनवीत होती. परवाना संपल्यावर तिनें चेतक काढली. म्हणजे ज्या चेतकवर आपल्यापैकीं कित्येकांनीं पत्नी, दोन मुलें आणि भाजीची पिशवी एवढा संसार वाहिला, तिचें माहेर इटलीच होतें. पुतण्याची गाडी एप्रिलिया आर. एस. ४५७ ही आहे. एप्रिलियाचें मूळ गांव व्हेनिसजवळचें नोआले. ती कंपनी २००४ सालीं पियाजिओकडे आली, आणि २०२३ च्या डिसेंबरांत विक्रीस निघालेली ही गाडी आपल्या बारामतींतच तयार होते. चेतकची शक्ति आठ अश्वशक्तीहून कमी; हिची सत्तेचाळीसच्या आसपास. भावंडें खरीं, पण स्वभावांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

हें अंतर ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळ घोटाळे होतात. चेतक सुरू झाली नाहीं म्हणजे तिला एका अंगावर कलती करावयाची, पुन्हां सरळ उभी करून लाथ मारावयाची, हा विधि आमच्या पिढीच्या अंगवळणीं पडलेला आहे. नव्या गाडीवर तो करूं नये. अशा गाड्यांत कल ओळखणारें एक लहान उपकरण असतें. वाजवीपेक्षां अधिक कल झाला कीं गाडी पडली असें समजून तें इंजिन बंद करतें, आणि किल्ली एकदां बंद करून पुन्हां फिरविल्यावांचून बहुधा इंजिन घेत नाहीं. शिवाय १७५ किलोंचें धूड एकदां कललें म्हणजे सांवरतांना आपलीच कंबर कलते.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. गेल्या पावसाळ्यांत ही गाडी चालतां चालतां मध्येंच बंद पडूं लागली. एका कार्यशाळेंत नेली तेव्हां तेथें ती तासभर सुरळीत चालली. त्यांनीं बॅटरी बदलली. आठ दिवसांनीं गाडी पुन्हां बंद पडली, तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं इंजिनाचा संगणक बिघडला आहे, तो बदलावा लागेल. त्याची किंमत ऐकून आमच्या वहिनींनीं हातांतली वाटी खालीं ठेवली. पुतण्या म्हणाला, "अण्णा, कंपनीचेच लोक सांगतात, त्यांना कळत नसेल काय?" मीं म्हटलें, "कळत असेल रे. पण त्यांच्यासमोर ती एकदांहि बंद पडलेली नाहीं. न पाहिलेल्या दोषाचें कारण त्यांनीं कशावरून ठरविलें?"

न्यायशास्त्रांत कारण ठरविण्याची एक जुनी रीत आहे. तिला अन्वयव्यतिरेक म्हणतात. जें असतांना कार्य होतें आणि जें नसतांना होत नाहीं, तें कारण. अमुक एका गोष्टीचा संशय आला पण ती असूनहि कार्य झालें नाहीं, तर त्याला व्यभिचार म्हणतात. (हा शब्द शास्त्रांतला आहे, मुलांनीं भलता अर्थ घेऊं नये.) मीं पुतण्याला एक वही दिली आणि सांगितलें कीं गाडी बंद पडेल त्या वेळीं पांच गोष्टी लिही : पाऊस होता कीं नाहीं, रस्ता कसला, गाडी गिअरमध्यें होती कीं न्यूट्रलमध्यें, समोरचे दिवे लागलेले राहिले कीं विझले, आणि पुन्हां सुरू व्हायला किती वेळ लागला. ज्या दिवशीं बंद पडणार नाहीं त्या दिवशींहि लिही. लोक हें विसरतात, आणि अर्धा पुरावा फुकट जातो.

तीन आठवड्यांत वही बोलूं लागली. सहा वेळां गाडी बंद पडली आणि सहाहि वेळां दिवे लागलेलेच होते. तेव्हां बॅटरी आणि मुख्य फ्यूज यांच्यावरचा आरोप सुटला. दोन दिवस मुसळधार पाऊस होता, पण पुतण्या डांबरी रस्त्यानें स्टेशनापर्यंत जाऊन आला व गाडीनें कांहीं कुरबुर केली नाहीं. तेव्हां नुसता पाऊस हें कारण नव्हे. सहाहि प्रसंग वाडीच्या लाल चिखलाच्या रस्त्यावरून आल्यानंतरचे होते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं न्यूट्रलमध्यें इंजिन सुरू होई व सुरू राही, गिअर टाकला कीं प्राण सोडी. कार्यशाळेंत गाडी उभी करून न्यूट्रलमध्येंच चालविली होती, म्हणून तिनें तेथें शहाण्यासारखी वर्तणूक ठेवली.

गिअरमध्यें बंद, न्यूट्रलमध्यें चालू, असें करणारा भाग बाजूच्या स्टँडजवळ असतो. स्टँड खालीं असतांना कोणी गाडी गिअरमध्यें घालून निघूं नये, म्हणून तेथें एक लहान स्विच बसविलेला असतो. त्यांत चिखलाचें पाणी शिरलें होतें. साध्या पाण्यानें व मऊ ब्रशानें तो धुतला, वाळविला, विजेच्या जोडांसाठीं मिळतो तो फवारा मारला आणि स्टँडच्या खिळीला थोडें तेल दिलें. खर्च शंभर-दोनशे रुपयांच्या घरांतला. स्विच धुतांना जोराच्या फवाऱ्याची नळी त्यावर रोखूं नये. चिखल बाहेर येण्याऐवजीं आंत जातो.

येथें एक गोष्ट आवर्जून सांगतों. कांहीं मेकॅनिक या स्विचच्या तारा काढून एकमेकींस जोडून देतात, आणि "आतां कधींच त्रास नाहीं" असें सांगतात. हें कदापि होऊं देऊं नये. स्टँड खालीं राहिलेली गाडी डावीकडे वळली म्हणजे स्टँड रस्त्याला टेंकून चाक उचलतें, आणि बोरघाटाच्या वळणावर याचा अर्थ काय होईल हें सांगण्याची गरज नाहीं.

घाटाचें नांव निघालें आहे तर ब्रेकांचेंहि येथेंच सांगून टाकतों, कारण माझ्या मतें सबंध गाडींत घरच्या मंडळींनीं डोळ्यांत तेल घालून पाहावी अशी गोष्ट हीच. द्रुतगति महामार्गावर दुचाकीस मज्जाव असल्यामुळें आपल्याकडील मुलें खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून जुन्या रस्त्यानें वर जातात व त्याच अंगानें घाट उतरून येतात. पुण्याकडे जाणाऱ्या आगगाड्यांना कर्जत स्टेशनांत मागून जादा इंजिनें लावतात हें सर्वांना ठाऊक आहे. पण उतरणाऱ्या गाड्यांना घाटांत ठरलेल्या जागीं ब्रेक तपासण्यासाठीं थांबवितात, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. चढण इंजिनाची परीक्षा पाहते, उतरण ब्रेकांची.

या गाडीचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. या ब्रेक ऑइलचा, म्हणजे डबीवर 'डॉट ४' असें लिहिलेलें असतें त्याचा, एक दुर्गुण आहे : तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. ताजें असतांना तें किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओलावा पुरेसा मुरला कीं ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरूं शकते. उतारावर सतत ब्रेक दाबून धरला म्हणजे उष्णता वाढते, तेलांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळें ब्रेकचा दांडा हँडलपर्यंत येऊन टेंकतो. गाडी मात्र थांबत नाहीं. जेथें वर्षाला शंभर इंचांवर पाऊस पडतो व श्रावणांत पापडांनाहि बुरशी येते, तेथें या तेलाची काय कथा! दोन वर्षांनीं तें बदलावें असें सामान्यतः सांगतात. आपल्या भागांत मी दर वर्षीं पावसाळा संपतांच बदलावयास लावतों, आणि बदलल्याची तारीख कागदावर लिहून टाकीच्या आंतल्या अंगास चिकटवितों. डबी एकदां उघडली कीं उरलेलें तेल पुढच्या वर्षासाठीं ठेवूं नये. तें रंगावर सांडल्यास रंग उडतो. लगेच पाण्यानें धुवावें. आणि घाट उतरतांना गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवावी, म्हणजे अर्धें काम इंजिनच करतें.

बॅटरीविषयीं थोडक्यांत. शंभर-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर घरांत असावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा अधिक दाखवील तर ती भरलेली आहे; १२.४ च्या खालीं गेली तर भरावी. १२ च्या खालीं वारंवार जात असेल तर तिचे दिवस भरले. इंजिन सुरू असतांना आंकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान यावा. न आल्यास दोष बॅटरीचा नसून तिला वीज पुरविणाऱ्या भागाचा आहे, आणि नवी बॅटरी घेऊन कांहीं साधणार नाहीं. बॅटरी सोडवितांना ऋण तार आधीं काढावी व जोडतांना शेवटीं लावावी. पूर्णपणें मेलेल्या बॅटरीची गाडी चार मुलांनीं ढकलून सुरू होईल ही आशा सोडावी; पेट्रोल पुढें ढकलणारा पंप व संगणक या दोघांनाहि विजेचें बळ लागतें.

कित्येक घरांत गाडी रोज सकाळीं दोन मिनिटें सुरू करून बंद करण्याची पद्धत आहे. तिनें लाभापेक्षां हानि अधिक. इंजिन पुरतें तापत नाहीं, आंत पाण्याचा अंश जमतो, आणि सुरू करतांना गेलेली वीजहि भरून येत नाहीं. त्यापेक्षां आठवड्यांतून एकदां, पाऊस उघडलेला पाहून, वीस-पंचवीस मिनिटें गाडी फिरवून आणावी. परत आल्यावर साखळी कोमट असतांनाच तिला तेल द्यावें. आधीं घासलेटानें पुसून घ्यावी, पेट्रोलानें वा तारेच्या ब्रशानें नव्हे, कारण कड्यांमधल्या रबरी चकत्या खराब होतात. चाक हातानें फिरवावें. इंजिन सुरू करून, गिअर टाकून, फिरत्या साखळीवर फडकें धरणारे मीं पाहिले आहेत. त्यांत बोट जाण्यास क्षणहि लागत नाहीं. लहान मुलें अंगणांत असतील तर हें काम त्या वेळीं करूंच नये.

पेट्रोलांत हल्लीं शेंकडा वीस भागांपर्यंत इथेनॉल असतें व तेंहि पाणी ओढून घेतें. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी नसावी. भरलेल्या टाकींत ओली हवा कमी मावते. प्लास्टिकचें आच्छादन अंगाला घट्ट लपेटूं नये, आंत घाम सुटतो. सुती कापड बरें. पडवींत भाताचीं पोतीं आणि गाडी शेजारीं ठेवूं नयेत. उंदीर पोत्यासाठीं येतात आणि तारांवर दांत घासतात. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा काढतांना धुराड्याच्या तोंडांत आणि पाणी निघून जाण्याच्या लहान छिद्रांत कुंभारीण माशीनें मातीचें घर केलेलें नाहीं ना, हें पाहावें.

वाल्वांचें अंतर, पेट्रोलचा पंप आणि ब्रेक अडकूं न देणारें विजेचें यंत्र या तीन गोष्टी घरीं उघडूं नयेत. त्यांना विशेष हत्यारें लागतात. तेथें जातांना वही बरोबर न्यावी व मेकॅनिकला ती वाचावयास लावावी. आमच्या पुतण्याच्या वहींत त्या सहा नोंदींनंतर बंद पडल्याची सातवी नोंद अजून झालेली नाहीं.

पुढील अंकीं घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरींत पाणी कोणतें व किती घालावें याविषयीं.