रोजंदार खेळाडूचे चरित्र

इंग्रजी क्रीडालेखनात 'जर्नीमन' हा शब्द वारंवार भेटतो. खालच्या श्रेणीच्या स्पर्धांत, या क्लबातून त्या क्लबात जात दहा-पंधरा वर्षे व्यावसायिक फुटबॉल खेळणारा, कधीही तारा न झालेला आणि तरीही संघाला ज्याची गरज भासते असा खेळाडू, हा त्याचा रूढ अर्थ. शब्दातल्या 'जर्नी'मुळे त्याचा संबंध प्रवासाशी असावा असे वाटते, आणि अशा खेळाडूची भटकंती पाहता ते पटतेही. प्रत्यक्षात त्याचे मूळ 'दिवसभराचे काम' या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे. युरोपातील कारागिरांच्या व्यवस्थेत उमेदवारी पूर्ण केलेला, पण स्वतःचे दुकान नसलेला, दिवसाच्या मजुरीवर दुसऱ्याकडे राबणारा तयार कारागीर म्हणजे जर्नीमन. मराठीत त्याला रोजंदार म्हणता येईल; मात्र रोजंदार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अकुशल मजूर उभा राहतो, आणि हा माणूस तर आपल्या कामात तरबेज असतो. हात पक्का आणि भाकरी कच्ची अशा या स्थितीला आपल्या भाषेत नेमके नाव नाही. आपल्या साहित्यविचारातही तिला पुरेशी जागा मिळालेली नाही, असे आम्हांला वाटते. त्याची कारणे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न वेगळ्या वाटेने परिचित असेल. गटेच्या विल्हेल्म माइस्टरचे दोन भाग आहेत. पहिला उमेदवारीच्या वर्षांचा (१७९५-९६) आणि दुसरा भ्रमंतीच्या वर्षांचा (१८२१, सुधारित आवृत्ती १८२९). जर्मन कारागीर उमेदवारीनंतर गावोगाव हिंडून काम करीत असे. दुसऱ्या भागाच्या नावात तीच प्रथा आहे. आपण वर्गात जिला 'घडणीची कादंबरी' म्हणून शिकवतो, तिचा नमुना मात्र समीक्षेने पहिल्या भागातून घेतला. शिकाऊ मुलगा घडतो, हे कथानक साहित्याला मानवते. तो कोसळतो, हेही मानवते. तो घडला, पण उस्ताद झाला नाही आणि पुढे पंधरा वर्षे नेटाने काम करीत राहिला, हे कथानक कुठे सुरू करावे आणि कुठे संपवावे, हे आपल्याला कळत नाही.

इंग्लंडमध्ये हे काम काही प्रमाणात खेळाडूंनीच केले. एमन डन्फी याने मिलवॉल क्लबातील १९७३-७४ च्या हंगामाची रोजनिशी ठेवली. ती १९७६ साली पुस्तकरूपाने आली. हंगामाच्या आरंभीची उमेद, मग संघातून वगळले जाणे, आणि हंगाम अर्ध्यावर असताना क्लब सोडणे, एवढाच तिचा आलेख आहे. साउथएंड, स्विंडन, प्लिमथ, ब्रायटन असे क्लब करीत चार्ल्टनला पोचलेल्या गॅरी नेल्सनने १९९५ साली आपल्या एका वर्षाची हकीकत लिहिली, आणि 'जर्नीमन' हा शब्द उपशीर्षकात अभिमानाने घातला. तिशी ओलांडलेल्या खेळाडूला पुढचा करार मिळेल की नाही, हा तिच्यातला ताण एखाद्या रहस्यकथेहून कमी नाही. निक हॉर्नबीने १९९२ च्या आपल्या आत्मपर पुस्तकात आर्सेनलच्या गस सीझर या बचावपटूविषयी जे विवेचन केले आहे, तेही येथे आठवते. प्रेक्षक ज्याची टर उडवत होते, तो खेळाडू त्याच्या पिढीतल्या जवळजवळ सर्व मुलांपेक्षा सरस होता, म्हणूनच तर तो त्या मैदानापर्यंत पोचला होता. अपयशी ठरण्यासाठीसुद्धा केवढी गुणवत्ता लागते, हा तो विचार आहे.

अशी पुस्तके इंग्लंडमध्ये निर्माण होण्यामागे तेथील खेळाची रचना आहे. पहिल्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब, त्यांखाली आणखी श्रेण्या, आणि बढती-घसरणीने त्या एकमेकींना जोडलेल्या. खेळाडूंची संघटना १९०७ पासूनची. आठवड्याला वीस पौंडांची कमाल वेतनमर्यादा उठली ती १९६१ साली, याच संघटनेच्या लढ्यामुळे. वर चढण्याला आणि खाली घसरण्याला पायऱ्या लागतात. रोजंदार खेळाडू हा या मधल्या पायऱ्यांचा रहिवासी असतो. आपल्याकडे अशा पायऱ्या होत्या काय, आणि असल्यास त्यांचे काय झाले?

आम्ही ज्या किनाऱ्यावरून लिहितो, त्या तोंडवलीला एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस गड नदीची खाडी आहे. फुटबॉलच्या नकाशावरही आमचा हा भाग असाच दोहोंच्या मध्ये सापडला आहे. किनाऱ्याने दक्षिणेस गेले की तेरेखोलपलीकडे गोवा. घाट चढून गेले की कोल्हापूर. आमच्याकडे मात्र टेनिस चेंडूचे क्रिकेट. त्यामुळे या खेळाकडे आम्ही शेजाऱ्याच्या नजरेने पाहतो, आणि शेजाऱ्याला घरातल्या माणसापेक्षा काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात. आम्हांला मराठी मुलखात फुटबॉलपटूच्या चरितार्थाच्या तीन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा पेठेची. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींची नावेच संघांना आहेत. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी फुटबॉलही आपलासा केला, आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या लढती पाहायला पेठा लोटतात. येथे खेळाडूला नाव मिळते. गल्लीतले पोर त्याच्या पायाकडे पाहत मोठे होते. परंतु या नावावर संसार चालत नाही, आणि तालीम बदलली तर तेच नाव पणाला लागते. ज्याला इंग्लंडमध्ये व्यवसायाचा भाग समजतात, त्याला पेठ फितुरी समजते.

दुसरी तऱ्हा मुंबईची. गिरण्या, बँका, रेल्वे आणि सरकारी कंपन्या यांचे संघ तेथे वर्षानुवर्षे खेळत आले. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, सेंट्रल बँक, वेस्टर्न रेल्वे, एअर इंडिया ही नावे जुन्या रसिकांना पाठ असतील. मेलबर्नच्या १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा टाटांच्या संघातून पुढे आला होता. असा खेळाडू म्हणजे आमच्या कोकणी भाषेत चाकरमानीच. सकाळी हजेरीपटावर सही, दुपारी कूपरेजचे मैदान, आणि गुडघे थकल्यावर पुन्हा टेबल-खुर्ची. या व्यवस्थेत दिमाख नव्हता, पण खेळ थांबल्यानंतरच्या आयुष्याची तरतूद होती.

तिसरी तऱ्हा कराराची. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली, २००७ साली तिची आय-लीग झाली आणि २०१४ साली इंडियन सुपर लीग आली. पैसा वाढला, खेळ दूरचित्रवाणीवर दिसू लागला, आणि या प्रकाशात मधल्या पायऱ्या एकेक करून नाहीशा झाल्या. २००५-०६ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. परवान्याच्या अटी पुऱ्या न केल्यामुळे २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी बाहेर पडले. पुणे एफसी २०१५ मध्ये गेला, भारत एफसीने एकच हंगाम पाहिला, मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसेनासे झाले, एफसी पुणे सिटीचा २०१९ मध्ये अंत झाला. शेजारी गोव्यात पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो, तसेच साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये, आय-लीगला खालचे स्थान देण्याच्या योजनेचा निषेध म्हणून, तिच्यातून अंग काढून घेतले. पुढे २०२२-२३ पासून आय-लीग खरोखरच दुसऱ्या श्रेणीची झाली. धेंपो २०२४-२५ मध्ये परतला, हा अपवाद. क्लब बुडतो तेव्हा मालकाचे नुकसान हिशेबवहीत दिसते. त्या क्लबाच्या राखीव बाकावरचा सत्तावीस वर्षांचा खेळाडू पुढच्या जुलैत कोठे गेला, याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

या पडझडीतूनही वर आलेला एक मराठी खेळाडू म्हणजे मुंबईचा राहुल भेके. ईस्ट बंगाल, केरला ब्लास्टर्स, पुणे सिटी, बेंगळुरू, मुंबई सिटी ही त्याच्या क्लबांची यादी वाचली, तर ती एखाद्या रोजंदाराचीच वाटेल. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत झालेल्या सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेतील ११७ व्या मिनिटाला त्याने डोक्याने मारलेल्या गोलवर बेंगळुरूने गोव्याला हरवले. त्याच वर्षी तो भारताकडूनही खेळला. अशा यशाचे वृत्तांत आपण वाचतो. पण ज्या क्लबाला त्याने ते जेतेपद मिळवून दिले, त्याच क्लबाने ऑगस्ट २०२५ मध्ये, लीगचे भवितव्य अधांतरी असताना, पहिल्या संघाचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबवले. हंगाम कित्येक महिने लांबला. शिखरावर ही अवस्था असेल, तर खालच्या पायरीवरील खेळाडूच्या घरात त्या महिन्यांत काय चालले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

थोडक्यात, पेठेने नाव दिले, कचेरीने निवृत्तिवेतन दिले, कराराने एकेक हंगाम दिला. तिन्ही मिळून एक पुरते आयुष्य होते. परंतु ते एकाच माणसाच्या वाट्याला क्वचित येते.

आता साहित्याकडे वळू. अशा माणसाचे चरित्र रटाळ होईल, त्यात नाट्य नाही, असा आक्षेप घेतला जाईल. या आक्षेपाला मराठीनेच पूर्वी उत्तर दिले आहे. १९७८ साली 'बलुतं' आले तेव्हा विजयाशिवायचे, किंबहुना विजयाची भाषाच नाकारणारे आयुष्य हा आत्मकथनाचा विषय होऊ शकतो, हे आपण शिकलो. त्याआधी चिंतामणराव कोल्हटकरांच्या 'बहुरूपी'ने (१९५७) नाटक कंपन्यांच्या बिऱ्हाडांचे, कंपन्या निघण्या-मोडण्याचे जग नोंदवले. आमच्या सिंधुदुर्गात दशावतारी नट कार्तिकापासून पावसाळ्यापर्यंत रात्रीमागून रात्री उभा राहतो, प्रयोगागणिक मानधन घेतो, हंगामागणिक कंपनीही बदलतो. आणि तो कोणत्या साली कोणत्या कंपनीत कोणता राजा झाला होता, हे गावातला म्हातारा बिनचूक सांगतो. म्हणजे रोजंदार कलावंताला स्मरणात ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे. खेळाडूच्या बाबतीत मात्र आपण ती वापरत नाही. मराठीत खेळाडूचे चरित्र बहुधा क्रिकेटवीराचे असते, आणि ते बालपणीच्या पहिल्या बॅटपासून सत्कार समारंभापर्यंत जाते.

आम्ही हा आग्रह धरतो, त्यामागे आमचाही स्वार्थ आहे. आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्यांपैकी अनेकजण तासिका तत्त्वावर काम करतात. आमच्यापैकी काहींनीही ती वर्षे काढली आहेत. पात्रता परीक्षा उत्तीर्ण, पदवी हातात, विषयावर प्रभुत्व; नेमणूक मात्र एका शैक्षणिक वर्षापुरती आणि मोबदला शिकवलेल्या तासांचा. जूनमध्ये नवे महाविद्यालय, नवी एस. टी., नवे हजेरीपुस्तक. फ्रेंच कारागिराचा रोज दिवसावर मोजला जाई, आमचा तासावर, एवढाच फरक. ज्या विभागांत घडणीची कादंबरी शिकवली जाते, तेच विभाग अशा घडलेल्या पण न स्थिरावलेल्या माणसांच्या आधारावर उभे आहेत. तेव्हा रोजंदार खेळाडूची उपेक्षा ही केवळ क्रीडाविभागाच्या संपादकाची चूक मानून आपल्याला सुटता येणार नाही. श्रेष्ठांच्या यादीला वाङ्मयेतिहास समजण्याची आपली सवयही तिला जबाबदार आहे. दिवाळी अंकांत तीस वर्षे चांगल्या कथा लिहून एकही पुरस्कार न मिळवलेला कथाकार त्याच सवयीमुळे आपल्या इतिहासातून गळतो. परंपरा मात्र अशाच माणसांच्या नित्याच्या कामावर टिकते. फुटबॉलमध्ये बचाव आणि आक्रमण यांना जोडणाऱ्या खेळाडूंना आपण मधली फळी म्हणतो. ती मोडली की उत्तम आघाडीपटूही चेंडूची वाट पाहत उभा राहतो.

म्हणून पदव्युत्तर वर्गांना शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना आमची एक साधी सूचना आहे. एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी तेच ते दहा लेखक वाटून देण्याऐवजी, दोन-चार विद्यार्थ्यांना कोल्हापूरच्या पेठांत, मुंबईच्या बंद पडलेल्या संघांच्या माजी खेळाडूंकडे आणि गोव्याच्या वाड्यांवर पाठवावे. त्यांनी हंगामवार विचारावे. कोणता क्लब, किती मानधन, कोणती दुखापत, उपचाराचा खर्च कोणी केला, शेवटचा सामना कोणता, आणि त्यानंतरच्या सोमवारी काय केले? उत्तरे त्या माणसाच्या बोलीतच उतरवून घ्यावीत. कोल्हापुरी, मालवणी, मुंबईची मिश्र मराठी, जशी असेल तशी. तीत गोलांपेक्षा प्रवासाचे, गुडघ्यांचे आणि थकलेल्या पगाराचे तपशील अधिक असतील, आणि मराठी गद्याला त्या तपशिलांची गरज आहे. एअर इंडिया किंवा महिंद्रच्या जुन्या संघांतून खेळलेले अनेकजण आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्याकडची कात्रणे पिवळी पडत आहेत, स्मरणशक्ती मात्र अजून शाबूत आहे. हे काम येत्या दहा वर्षांत झाले तरच होईल.