बोटं मोकळी हवीत

हिवाळा लागला की आमच्या भिशीतल्या बायका सुया बाहेर काढतात, आणि मग जे काही विणलं जातं ते नेमकं अशांसाठी, ज्यांना थंडी वाजण्याची शक्यता सगळ्यात कमी. एकीच्या सुनेचं बाळ एप्रिलमध्ये चंद्रपूरच्या उन्हाळ्यात जन्माला येणार आहे, त्याच्यासाठी टोपडं, मोजे आणि पूर्ण बाह्यांचा स्वेटर. दुसरीचा नातू न्यू जर्सीत. त्याच्या घरात चोवीस तास हीटर, आजीचा स्वेटर तो व्हिडिओ कॉलपुरता चढवतो. राहिलेल्या लोकरीत सोफ्याची पाठ, रिमोटची पिशवी आणि देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाची टोपी. बाळकृष्णाच्या टोपीला माझी हरकत नाही. पण ज्या गावात आपण राहतो, त्या गावात पहाटे कोणाचे हात गारठतात, हा प्रश्न भिशीत एकदाही निघत नाही, याला मात्र आहे.

गाव नाशिक. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, ही आमच्याकडची दर हिवाळ्याची बातमी. चार-पाच अंश म्हटलं की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हुरडा आठवतो. पाहुणे आठ वाजता उठतात, त्यांचं बरोबरच आहे.

आता तुमच्या हातातला हा पेपरच घ्या. पहाटे चार-साडेचारला गठ्ठे उतरतात. चौकात, बंद दुकानाच्या पायरीवर बसून पोरं आणि बाप्ये पुरवण्या आत घालतात. पान सुटं करायला बोटाचं टोक लागतं. हातमोजा घातला की दोन पानं एकदम येतात, नाहीतर एकही येत नाही. म्हणून हात उघडे. मध्येच कोणीतरी तळवे काखेत धरतो, एक मिनिट थांबतो आणि पुन्हा गठ्ठ्याला लागतो.

हे मला कळतं, कारण नोकरीची सगळी वर्षं मी बँकेत कॅशवर काढली. जुनी दगडी इमारत, समोर ओला स्पंज. डिसेंबरात त्या स्पंजवर बोट टेकवायचं आणि नोटा मोजायच्या. दुपारपर्यंत बोटं आपली वाटायची नाहीत. तेव्हा मी स्वतःसाठी एक जोड विणला. मनगटाच्या वर चार बोटं सुरू होणारा, तळवा झाकणारा आणि बोटांच्या पहिल्या पेरापाशी संपणारा. पुढे सगळं उघडं. आमच्या साहेबांना ते काउंटरवर शोभेना. म्हणाले, "मॅडम, भाजीवाल्यासारखं दिसतं." भाजीवाल्यांच्या हातात असलं काही त्यांनी कुठे पाहिलं होतं देव जाणे. पण सल्ला म्हणून घेतला, तर वाक्य लाख मोलाचं होतं.

गोदाकाठच्या भाजीबाजारात माझ्या नेहमीच्या एक मावशी आहेत. मागे एका मंडळाने बाजारात पांढरे सुती हातमोजे वाटले होते, ते त्यांच्या गोणपाटाखाली तसेच पडून. मी विचारलं, "मावशी, घालत का नाही?" "घालून काय करू ताई? जुडी कशी बांधू? सुट्टे कसे मोजू? आन् गिऱ्हाइकानं पैसे धाडले का नाय ते फोनवर बघाया बोट कुठून आणू?" तीन प्रश्न, तिन्ही बिनतोड. ज्या माणसाने ते मोजे निवडले, त्याने आयुष्यात कोथिंबिरीची जुडी बांधली नव्हती.

थंडीत शरीर आधी पोटातली, छातीतली ऊब सांभाळतं आणि हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडता घेतं. मनगटापाशी रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी लगत असतात, नाडी तिथेच लागते. म्हणून मनगट आणि तळवा झाकला की उघड्या बोटांनाही आधार मिळतो. पूर्ण मोज्याइतका नाही, पण काम चालू ठेवण्याइतका नक्की.

लेगवॉर्मरचंही तसंच. हा शब्द ऐकला की माझ्या पिढीला 1983 चा 'फ्लॅशडान्स' आठवतो आणि त्यानंतर कॉलेजात आलेली ती रंगीबेरंगी लाट. पण मुळात ती नर्तकांची वस्तू. सरावाआधी पोटरी आणि घोटा गार पडू नये, पाऊल मात्र मोकळं राहावं, एवढाच तिचा उद्देश. आता हा उद्देश घेऊन दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत जा. पेठ-सुरगाण्याकडून पिकअपमध्ये उभ्याने आलेल्या बाया दिवस उजाडताच कामाला लागतात. साडी वर खोचलेली, घोटा ते गुडघा उघडा, ठिबकने भिजलेली जमीन. मोजे घातले तर दहा मिनिटांत चिखल. लेगवॉर्मर घोट्याच्या वर थांबतो, पाऊल चपलेत राहो नाहीतर मातीत. गुडघे धरलेल्या आमच्या वयाच्या बायकांनाही तो पँटपेक्षा सोयीचा. साडीखाली दिसत नाही आणि देवळाच्या पायरीशी काढावा लागत नाही.

त्याच बागेत आणखी एक गोष्ट दिसते. थंडीने घडांत पिंक बेरी होऊ नये, म्हणजे मणी गुलाबी पडू नयेत, म्हणून निर्यातीच्या द्राक्षांचे घड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळतात. कडाका वाढला की मण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, पाणी सोडलं जातं. द्राक्षाची एवढी काळजी घ्यायलाच हवी, वर्षाचं पीक आहे. फक्त घडाला कागद गुंडाळणारा हात उघडा असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. (एक मात्र सांगते. डिपिंगला, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवायच्या कामाला, लोकरीचं काहीही चालणार नाही. तिथे रबरी मोजेच हवेत आणि ते बागमालकाने द्यायचे. ती आपल्या विणकामाची जागा नव्हे.)

कोणी म्हणेल, लुधियानाचा माल ढिगाने मिळत असताना हे कशाला? स्वेटरच्या बाबतीत मी वाद घालणार नाही. मी स्वतः दर दोन-तीन वर्षांनी तिबेटी मार्केटमधून एक घेते. स्वेटर विणायचा म्हणजे अर्धा किलोच्या वर लोकर, महिना-दीड महिना आणि शेवटी बाही आखूड होते ती होतेच. पण बोटं उघडी ठेवणारे मोजे बाजारात शोधायला जा. मिळतात ते जिमचे, रेक्झिनच्या तळव्याचे, नाहीतर मोटरसायकलवाल्यांचे. भाजीवाल्या मावशींच्या हाताला बसेल, धुता येईल आणि नाणं उचलू देईल असा जोड दुकानदार ठेवत नाही, कारण ज्याला तो लागतो त्याच्या खिशात त्याचे पैसे नसतात. हाताने विणलेल्याची खरी मजुरी लावली तर ते मलाही परवडणार नाही. इथेच आपल्या रिकाम्या दुपारी उपयोगी पडतात.

आणि काम किती? फोर-प्लायचा पन्नास ग्रॅमचा गुंडा एका जोडाला पुरतो. दहा नंबरच्या सुया. (आपल्याकडे जुन्या विलायती पद्धतीचे नंबर चालतात, आकडा मोठा तितकी सुई बारीक. दहा म्हणजे सव्वातीन मिलिमीटर.) बाईच्या हाताला अठ्ठेचाळीस टाके घाला आणि दोन सुलट दोन उलट विणत सतरा सेंटिमीटर जा. ही वीण ताणली जाते आणि सोडली की पुन्हा आवळते, त्यामुळे माप थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. टाके बंद करताना हात सैल ठेवा, नाहीतर काठ बोटांना काचतो. मग आयत दुमडून कड शिवायची. मनगटाकडून नऊ सेंटिमीटर शिवा, अंगठ्यासाठी पाच सोडा, वरचे तीन पुन्हा शिवा. झालं. चार सुयांवर गोल विणून, अंगठ्याची पाचर वाढवून, ते टाके सेफ्टी पिनवर ठेवून जास्त देखणा जोड होतो हे खरं. ज्यांना हौस आहे त्यांनी करावा. पण आयताचा जोड दहा वर्षांच्या पोरालाही येतो. पोरालाही म्हणते आहे, पोरीलाच नव्हे. लेगवॉर्मर म्हणजे हाच प्रकार मोठा करून. बहात्तर टाके, पस्तीस सेंटिमीटर लांबी, जोडाला साधारण दीडशे ग्रॅम.

लोकरीचं मात्र जपून. दुकानात कॅशमिलॉन म्हणून जे मिळतं ते ॲक्रिलिक. स्वस्त, रंग पक्के, धुवायला सोपं, लवकर वाळणारं. पेपरवाल्यांना आणि भाजीवाल्यांना ते ठीक. पण जिथे शेकोटी आहे तिथे ॲक्रिलिक देऊ नका. ठिणगी पडली की ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. खरी लोकर सहजी पेट घेत नाही, ती करपते. शिवाय स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पिऊनही ती ओली लागत नाही. दवात काम करणाऱ्याला याहून जास्त काय हवं? महाग पडते, पण पन्नास ग्रॅमच तर लागते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर वापरा, असं एका उत्साही मैत्रिणीने सुचवलं. तिला म्हटलं, आधी एक रात्र घोंगडीला गाल लावून झोप. राठ, दणकट लोकर ती, धनगराला पावसातून नेते. नाजूक कामाला टोचते.

अनोळखी माणसासाठी विणणं ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. पहिल्या महायुद्धात, 1914 साली, इंग्लंडच्या राणी मेरीने सैनिकांसाठी तीन लाख मोजेजोड आणि तेवढेच लोकरी कमरपट्टे करून द्या असं बायकांना आवाहन केलं होतं. त्या युद्धात मनगटपट्टेही ढिगाने विणले गेले, कारण बंदुकीच्या चापावरचं बोट मोकळं लागतं. आपल्याकडे 1962 च्या युद्धात घरोघरी जवानांसाठी स्वेटर विणले जात होते. आई सांगायची, तेव्हा शेजारणीला उलट टाका येत नव्हता, म्हणून ती नुसत्या सुलट विणीचे मफलर करायची, आणि तेही कुणी परत पाठवले नाहीत. 2006 मध्ये रीगाला नाटोची परिषद भरली, तेव्हा लाटवियाच्या बायकांनी पाहुण्यांसाठी साडेचार हजार जोड हातमोजे विणले. थंडी हे त्यांचं रोजचं जगणं, त्यामुळे त्यांना त्यात मिरवण्यासारखंही काही सापडलं. आपल्या लाहौलच्या विणलेल्या मोज्यांना आणि हातमोज्यांना तर भौगोलिक मानांकन आहे. मनालीला गेलेल्यांनी ते घेतले असतील आणि बहुधा कपाटात ठेवले असतील.

मला मानांकन नको, परिषद नको. वाटपाचा कार्यक्रम तर मुळीच नको. जानेवारीत ब्लँकेटवाटपाचे फोटो येतात. देणारे आठ, घेणारा एक, आणि ब्लँकेटचं टोक आठही जणांच्या हातात. तसलं काही केलंत तर मावशींच्या गोणपाटाखाली आणखी एका वस्तूची भर पडेल.

त्याऐवजी असं करा. पेपरवाला महिन्याचं बिल घ्यायला येईल, तेव्हा त्याला विचारा की पहाटे हाताला काय लागतं. लागत नाही म्हणाला तर विषय संपला, आग्रह करू नका. हो म्हणाला तर तळव्याचा घेर दोऱ्याने मोजून घ्या आणि रंगही विचारा. आपण गुलाबी विणतो, त्याला काळा हवा असतो. बाळकृष्णाची टोपी महाशिवरात्रीपर्यंत थांबू शकते. थंडी मकरसंक्रांतीपर्यंत जोरात असते, तेव्हा टाके या आठवड्यातच घाला.