पायाला लागणारी ठेच

घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे तेथील शेतकरी आपली मृत माणसे राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. मात्र प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडून. मृताने भूत होऊन भटकू नये म्हणून हे केले असावे, असा अर्थ पुरातत्त्वज्ञांनी लावला आहे. माणूस आपलाच, त्याला घराबाहेर जाऊ द्यायचे नाही, आणि त्याचे भयही वाटते! येथे रक्षण म्हणजे अनिष्टाचा बंदोबस्त.

शेजारच्याच दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी तेथे मुक्ती सदन उभारले आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. वर्गात रमाबाई शिकवताना एक प्रतिक्रिया हमखास येते : संकटांनी पिचलेल्या एका बाईने अखेर देवाचा आडोसा शोधला. म्हणजे पुन्हा बंदोबस्तच. हे वाचन आम्हांला चुकीचे वाटते.

बायबलमधील रक्षणाची कविता म्हणजे ९१वे स्तोत्र. रात्रीचे भय, मरी, सर्प यांपासून तेथे अभय आहे. देवदूत भक्ताला उचलून धरतील, त्याच्या पायाला दगडाची ठेचही लागणार नाही, असे आश्वासन आहे. रामरक्षेवर वाढलेल्या कानाला हे कवच वाटावे यात नवल नाही. (ज्यू आणि ख्रिस्ती परंपरांतही हे स्तोत्र ताईतांवर लिहिले गेलेच.) पण मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत नेमके हेच आश्वासन सैतानाच्या तोंडी येते. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतीलच, असे तो सुचवतो. येशू नकार देतो. देवाच्या रक्षणाची परीक्षा घेणे, हीच या प्रसंगातील दुष्ट गोष्ट.

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. मध्य प्रांतातून आणलेल्या दुष्काळग्रस्त मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर नेले. प्लेगच्या रुग्णालयात मुलींना मिळालेल्या वागणुकीबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून प्रशासनावर जाहीर टीका केली; तिचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले. देव राखील असे मानणारी बाई मुलींना हलवते आणि सरकारशी भांडते, तेही स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारशी!

येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतील शेवटच्या मागणीत एक ग्रीक शब्द आहे. त्याचे रूप पुल्लिंगी मानता येते, नपुंसकलिंगीही. भाषांतरकाराला ‘दुष्टापासून’ आणि ‘वाइटापासून’ यांतून निवड करावी लागते. ‘वाईट’ म्हटले की दुष्काळ, मरी, अपघात सारेच त्यात येते. ‘दुष्ट’ म्हटले की समोर कोणी उभा राहतो, आणि त्याला नाही म्हणता येते. दुष्काळाला नाही कसे म्हणणार? आम्ही दुसऱ्या वाचनाच्या बाजूचे आहोत. व्याकरण दोन्ही मान्य करते, हे मात्र विद्यार्थ्यांना सांगितलेच पाहिजे.

कवच म्हणून पाहिले, तर रमाबाईंचे हिशेब जुळत नाहीत. आईवडील आणि थोरली बहीण १८७०च्या दशकातील दुष्काळाने नेली, ती धर्मांतरापूर्वी. पण मुलगी मनोरमा १९२१ साली गेली, आयुष्यभराच्या प्रार्थनेनंतर. भाषांतराचे काम तरीही थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण बायबल केडगावी १९२४ मध्ये छापून बाहेर पडले. ९१वे स्तोत्र त्यात आहे, पायाला ठेच न लागण्याच्या आश्वासनासह.